आकसायला जागा

रात्री दोनला बाराशे सहावा थर चालू होता.
मी काचेला नाक लावून बघत होते:
पातं सरकतं,
तापल्या दुधावर साय धरावी
तसा भुकटीचा पापुद्रा पसरतं,
मग ठिणगी धावते,
कुणी घाईघाईत सही करावी तशी,
आणि सही चाळीस मायक्रॉन खोल उतरते.
थर. पातं. ठिणगी. थर.
बाहेर देबा नदी फुगलेली,
तिला असल्या शिस्तीशी देणंघेणं नाही.

हा एकतिसावा.
आधीचे तीस खिडकीत ओळीने ठेवलेत,
प्रत्येकावर उशुएच्या मार्करने तारीख.
सातवा तव्यावरच्या पापडासारखा कडेला उचललेला.
अकरावा बाहेरून देखणा,
क्ष-किरणांत पावासारखा, नुसती भोकं.
एकोणिसाव्याचं नाव काढायचं नाही,
त्याने पातं मोडलं आणि एक आठवडा गिळला.

प्रकल्पाच्या कागदावर लांबलचक वाक्यं आहेत.
सात भागीदार, तीन वर्षं, सिद्धतेच्या पातळ्या.
माझा पगार चौथ्या पानाच्या तळाशी,
मार्चमध्ये संपणारा.
खरं काम एवढंच:
ओंदारोआच्या एका मासेमारी बोटीच्या पंपाचा पंखा,
काशाचा, दोन तळहातांत मावेल असा.
बनवणारा कारखाना माझ्या जन्माआधीच बंद पडला,
रेखाचित्रं शेकोटीत गेली की उंदरांच्या पोटात,
कुणाला ठाऊक नाही.
जुना पंखा आमच्याकडे आहे, तीन पाती झिजलेली,
चार वेळा धुतला तरी
बोनितो माशाचा वास जात नाही.

गुरुवारी एउलोखिओ आला.
ब्याऐंशीचा. ही इमारत ओतशाळा होती तेव्हा
जिथे आता आमचं कॉफीचं यंत्र आहे
तिथे बसून लाकडाचे नमुने कोरायचा.
आमच्या यंत्राकडे त्याने
नव्या जावयाकडे बघावं तसं बघितलं.
कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
सातवा तुकडा उचलला,
वळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
"आकसायला जागा दिली होती का?"

उशुएने पडदा फिरवून दाखवला:
उष्णतेचे रंगीत नकाशे, सहा रात्री चाललेलं गणित.
तो मान हलवत राहिला, ऐकू येत नसताना हलवतात तशी.
मग कोटातून पट्टी काढली, पिवळी पडलेली.
तिच्यावरचा सेंटिमीटर
खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा.
ओताऱ्याची पट्टी.
"धातू निवताना अंग चोरतो," म्हणाला,
"आधी खोटं मोजायचं, म्हणजे शेवटी खरं उतरतं."
जाताना आमच्या आराखड्यावर बोट ठेवलं:
"तडा इथे जाईल. पात्याच्या मुळाशी."

सकाळी साडेआठला दार उघडलं.
मी भुकटीत कोपरापर्यंत हात घातले, हातमोज्यांसकट,
आणि पंखा वर काढला
रेतीतून शिंपला काढावा तसा.
मग पकड घेऊन आधार मोडले.
जाळीसारखे, नाजूक,
रात्रभर ज्यांनी पात्यांचा भार तोलला
तेच आधी तोडायचे, हा नियमच आहे.
टप टप ताटलीत पडले.
त्यातला एक मी खिशात टाकला. का, ते विचारू नका.

तडा गेला होता.
मुळाशी नाही, टोकाला.
म्हातारा चुकला. आमचं गणितही चुकलं,
ते म्हणालं होतं, जाणारच नाही.
उशुए बराच वेळ काही बोलली नाही.
मग तिने मार्करचं टोपण दातांनी काढलं
आणि तारीख घातली.

दुपारी बोटीवरून आन्त्शोनचा फोन.
बोनितो जूनमध्ये येतो, तो म्हणाला.
प्रकल्प मार्चमध्ये संपतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.

एउलोखिओ पट्टी टेबलावरच विसरून गेलाय,
किंवा विसरलेला नाही.
मी उरलेली भुकटी चाळायला घेतली:
जी वितळली नाही
ती पुन्हा रांगेत उभी.
उशुए पात्याचा कोन तीन अंशांनी कलवतेय,
पट्टी तिच्या कोपराशी.
खिडकीत बत्तिसाव्याला जागा नाही,
कॉफीच्या यंत्रावर होईल.